डी कमी आलं म्हणून एमएस झाला का?

वहिनीला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार आहे असे रिपोर्ट आले त्या दिवशी टेबलावर दोन कागद होते. एक एमआरआयचा, त्यात मेंदूत आणि मज्जारज्जूत डाग आहेत असं लिहिलेलं, आणि दुसरा रक्ताचा, त्यात व्हिटॅमिन डी ९. डागांचं घरात कुणालाच काही कळलं नाही पण ते ९ सगळ्यांना कळलं, कारण आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत कुठल्याही घरात विचारा, डी कमी असलेला एक तरी माणूस निघतोच. मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचं तेच. "अगं डी कमी आहे एवढंच ना, माझं तर ७ आलेलं, पुड्या घेतल्या आणि झाले बरी." मोठ्या काकू म्हणाल्या, "दिवसभर घरात नाहीतर शाळेत, जरा उन्हात जायचं बाई." मायेनंच बोलल्या त्या, पण रात्री भांडी आवरताना वहिनीनं मला विचारलं, "खरं सांग, मी उन्हात गेले नाही म्हणून झालं का गं हे?"

मी डॉक्टर नाही. मायक्रोबायोलॉजी शिकलेय आणि मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, डीचे रिपोर्ट रोज हाताखालून जातात. तरी त्या रात्री मला नीट सांगता आलं नाही. त्यानंतर ३ वर्षं जे वाचलं, वहिनीच्या न्यूरोलॉजिस्टना विचारून विचारून जे समजून घेतलं ते इथे लिहितेय, कारण हा प्रश्न फक्त आमच्या घरातला नाही हे आता मला माहितेय.

आधी एमएस म्हणजे काय ते सांगते. विहिरीवरच्या मोटारीची केबल असते ना, आत तांब्याची तार आणि वर प्लास्टिकचं कव्हर. उंदरानं कव्हर कुरतडलं की तार आत शाबूत असली तरी करंट नीट जात नाही, कधी मोटार चालते, कधी घरघरते, कधी बंदच पडते. आपल्या मेंदूतून, मज्जारज्जूतून आणि डोळ्याच्या मागच्या नसेतून जाणाऱ्या तारांवर पण असंच कव्हर असतं, त्याला मायलिन म्हणतात, आणि एमएसमध्ये ते कुरतडणारा उंदीर बाहेरून येत नाही, आपलीच रोगप्रतिकारशक्ती ते परकं समजून त्याच्यावर तुटून पडते. जिथे हल्ला होतो तिथे डाग राहतो, आणि हल्ला खोल गेला तर आतली तार पण खराब होते. १८६८ मध्ये पॅरिसच्या शार्को नावाच्या डॉक्टरांनी या डागांवरून हा वेगळा आजार आहे असं मांडलं. डाग कुठे पडतो त्यावर त्रास ठरतो, म्हणून एकाचा एमएस दुसऱ्यासारखा नसतो. कुणाचा पाय ओढला जातो, कुणाला मुंग्या, कुणाला लघवी आवरत नाही, आणि थकवा तर असा की झोपून उठलं तरी जात नाही.

वहिनीचं डोळ्यापासून सुरू झालं. सकाळी देवापुढे उभी होती आणि म्हणाली की करंड्यातलं कुंकू डाव्या डोळ्यानं विटकरी दिसतंय. उजवा डोळा झाकला की विटकरी, डावा झाकला की लालभडक. डोळा फिरवला की मागे दुखायचं. आम्ही आधी चष्म्याचा नंबर काढून आलो, त्यात १० दिवस गेले. कुणाला असं झालं, म्हणजे एका डोळ्यानं लाल रंग फिका दिसतोय आणि डोळा हलवताना दुखतोय, तर नंबर काढत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. नंतर सलाईनमधून ५ दिवस स्टेरॉईड दिलं, नजर बरीचशी परत आली, आणि मग एमआरआय, पाठीतलं पाणी काढून तपासणं, हे सगळं झालं. तेव्हा ती ३४ वर्षांची होती. साधारण २० ते ४० या वयातच हा आजार जास्त सुरू होतो आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट.

आता व्हिटॅमिन डी. नावात व्हिटॅमिन असलं तरी ते वागतं हार्मोनसारखं. उन्हातले यूव्हीबी किरण कातडीवर पडले की तिथे ते तयार होतं, मग लिव्हरमध्ये त्याचं एक रूप बनतं (लॅबमध्ये आम्ही मोजतो ते हेच, २५ हायड्रॉक्सी) आणि मग किडनीत त्याचं खरं कामाचं रूप तयार होतं. हाडं आणि कॅल्शियम हे त्याचं जुनं काम सगळ्यांना ठाऊक आहे. पण पुढे लक्षात आलं की रोगप्रतिकारशक्तीच्या पेशींवर पण डीचं कुलूप बसवलेलं आहे, डी येऊन त्यात किल्लीसारखं बसलं की भडकाऊ टी पेशी जरा थंड होतात आणि त्यांना आवरणाऱ्या पेशींना बळ मिळतं. म्हणजे डी हा जमाव शांत ठेवणाऱ्या माणसासारखा. प्रयोगशाळेत आणि उंदरांमध्ये हे बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं.

पण एमएसशी डीचं नाव जोडलं गेलं ते आधी नकाशावरून. विषुववृत्तापासून जसजसं लांब जाल तसतसा एमएस वाढत जातो. स्कॉटलंडच्या वर ऑर्कनी बेटं आहेत, तिथे लाखात ४०० च्या आसपास लोकांना एमएस आढळला, जगात सगळ्यात जास्त प्रमाण असलेल्या भागांमधला तो एक. आपल्याकडे मंगळुरूच्या पाहणीत लाखात ८ च्या आसपास. आता ऊन बघा. सांगलीत मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर, आणि डिसेंबरात सुद्धा दुपारी आयर्विन पुलावर उभं राहिलात तर तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूडच पडेल. ऑर्कनीत डिसेंबरातल्या भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम ७-८ अंश असतो, त्या उन्हातून डी तयार होतच नाही. १९७४ मध्ये गोल्डबर्ग नावाच्या संशोधकानं पहिल्यांदा हे लिहून मांडलं, की हा ऊन आणि डीचा खेळ असू शकतो.

त्यानंतर खुणा जमत गेल्या. नॉर्वेत समुद्रकाठच्या मासे खाणाऱ्या लोकांत एमएस कमी आणि आतल्या शेतकरी भागात जास्त, आणि मासळीच्या तेलात डी भरपूर असतं. उत्तरेकडच्या देशांत मे महिन्यात जन्मलेल्यांना धोका थोडा जास्त आणि नोव्हेंबरात जन्मलेल्यांना थोडा कमी दिसला, म्हणजे आईचे गरोदरपणाचे शेवटचे महिने अंधाऱ्या थंडीत गेले की उन्हाळ्यात गेले याचा काही संबंध असावा. टास्मानियात दिसलं की ६ ते १५ या वयात ज्यांनी जास्त ऊन खाल्लं त्यांच्यात एमएस कमी. आणि मला सगळ्यात जवळची वाटली ती इंग्लंडची गोष्ट. भारत-पाकिस्तानातून मोठेपणी तिकडे गेलेल्या लोकांत एमएस कमीच राहिला, पण त्यांची तिथे जन्मलेली मुलं मात्र गोऱ्या मुलांच्या जवळपास जाऊन पोचली. रक्त तेच, हवा बदलली. त्यामुळे जे काही ठरतं ते बरंचसं लहानपणी ठरतं असं मानतात.

आता यावर कुणीही हुशार माणूस विचारेल, की कशावरून उलटं नाही? म्हणजे आजारामुळेच डी कमी होत असेल तर? आणि हा प्रश्न अगदी बरोबर आहे, आमच्या घरात तो डोळ्यांनी दिसतो. एमएसच्या बऱ्याच लोकांना उष्णता सोसत नाही, अंग तापलं की कव्हर गेलेल्या तारांतून करंट अजून मंदावतो आणि जुना त्रास तात्पुरता वर येतो. एप्रिलमध्ये वहिनी दुपारी शाळेतून येते आणि पायऱ्या चढेपर्यंत डावा डोळा धुरकट होतो, पंख्याखाली गार पाण्याचा टॉवेल मानेवर ठेवून अर्धा तास पडली की परत साफ. अशी बाई उन्हात कशाला जाईल? मग तिचं डी कमी आलं तर त्यात नवल काय?

म्हणून २००६ चा अमेरिकेचा अभ्यास महत्त्वाचा. तिथे सैन्यातल्या लोकांच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेले असतात. ७० लाखांहून जास्त लोकांमधून पुढे एमएस झालेले २५७ जण शोधले आणि त्यांचं आजार व्हायच्या आधीचं, ठणठणीत असतानाचं रक्त काढून डी मोजलं. गोऱ्या लोकांत ज्यांचं डी सगळ्यात वरच्या गटात होतं, म्हणजे आपल्या रिपोर्टच्या भाषेत ४० नॅनोग्रॅमच्या आसपास आणि वर, त्यांना एमएस होण्याचा धोका सगळ्यात खालच्या गटापेक्षा ६२ टक्क्यांनी कमी निघाला. काळ्या आणि हिस्पॅनिक लोकांत मात्र असा संबंध दिसला नाही, त्यांची संख्याही कमी होती. नंतर २०१५ मध्ये वेगळ्या वाटेनं तपासलं, काही लोकांचं डी जन्मतः जीन्समुळेच थोडं कमी राहतं, त्यांना एमएस जास्त होतो का? तर हो, जास्त होतो. आणि जीन काही ऊन बघून बदलत नाही. त्यामुळे आजारानं डी कमी झालं एवढ्यावर हे सगळं मोडीत काढता येत नाही, कमी डीचा एमएस होण्यात हात आहे असं आता बरेच जण धरून चालतात.

हात आहे, पण किती? इथेच मला आपली सांगली आठवते. त्या अमेरिकन अभ्यासातला सगळ्यात खालचा गट म्हणजे साधारण २५ नॅनोग्रॅमच्या खालचे. माझ्या टेबलावरून जाणारे बहुतेक रिपोर्ट त्याच्या खालीच असतात! तासगावच्या बागेत दिवसभर काम करणाऱ्या बायकांचे सुद्धा. लोकांना खरं वाटत नाही पण त्यांना कामावर जाताना बघा एकदा, साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला ओढणी, फक्त डोळे उघडे. स्कुटीवरच्या मुलींचं पण तेच, सनकोट, हातमोजे, स्कार्फ. त्यात आपली सावळी कातडी, तिच्यातलं मेलॅनिन यूव्हीबी अडवतं म्हणून गोऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. खाण्यातून तर डी फारसं मिळतच नाही. आणि ते कोवळं ऊन! पिढ्यान्‌पिढ्या आपण बाळाला सकाळी ७ च्या कोवळ्या उन्हात घेऊन बसतो, छान वाटतं, बसावं, पण त्या वेळी किरण तिरपे येतात आणि यूव्हीबी जवळपास नसतं. डी तयार होतं ते सावली आपल्यापेक्षा आखूड असताना, म्हणजे १० ते ३ च्या मधे. काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात पण नाही, काच यूव्हीबी अडवते.

म्हणजे बघा, डी इतकं कमी असलेला आपला देश आणि एमएस लाखात ८. फक्त डी कमी असल्यानंच एमएस झाला असता तर आमच्या गल्लीत प्रत्येक घरात पेशंट असता. त्यामुळे एकट्या डीचं हे काम नाही, अजून बरंच काही एकत्र यावं लागतं. जीन्स लागतात. मुंबईच्या पारशी समाजात एमएस बाकीच्या भारतीयांपेक्षा जास्त आढळला, ऊन तेच, शहर तेच. एप्स्टाईन बार नावाचा व्हायरस लागतो, तो बहुतेकांना लहानपणी नाहीतर तरुणपणी होऊन गेलेला असतो, पण २०२२ मध्ये अमेरिकन सैन्यातल्याच १ कोटी लोकांच्या नोंदींवरून दिसलं की त्याची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटीनं वाढतो, इतका मोठा आकडा डीच्या बाबतीत कुठेच नाही. सिगारेटनं वाढतो, किशोरवयातल्या लठ्ठपणानं वाढतो. या सगळ्यांच्या जोडीला कमी डी. शिवाय उन्हाचं स्वतःचं, डीशिवायचं काही वेगळं काम असावं अशीही शंका आहे, म्हणजे डीचा आकडा हा काही अंशी नुसता उन्हाचा हिशोब असू शकतो.

वहिनीला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे माझी चूक नाही." नाही, वहिनी, नाही. तुझ्यासारखं डी असलेल्या हजारो बायका सांगलीत आहेत आणि त्यांना काही झालेलं नाही.

दुसरा प्रश्न वेगळा आहे आणि लोक तो पहिल्यात मिसळतात. एमएस झाल्यावर डी दिलं तर आजार आवरतो का? कमतरतेमुळे धोका वाढत असेल तर भरून काढल्यावर बरं व्हायला पाहिजे, असं वाटतं ना? पण घराला आग लागायचं कारण शॉर्टसर्किट असलं तरी आग लागल्यावर वायरिंग दुरुस्त करून ती विझत नाही. बऱ्याच ट्रायल झाल्या. अमेरिकेत ग्लॅटिरॅमर नावाचं एमएसचं इंजेक्शन चालू असलेल्या लोकांना एका गटात रोज ५००० युनिट आणि दुसऱ्यात ६०० युनिट डी दिलं, २०२३ ला निकाल आला, झटके, म्हणजे एमएसचा त्रास नव्यानं उफाळून येणं, त्यात फरक नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये पहिलाच झटका आलेल्यांना रोज १०,००० युनिटपर्यंत देऊन बघितलं, फायदा दिसला नाही. मग २०२५ मध्ये फ्रान्सचा निकाल आला आणि तो थोडा वेगळा आहे. ३०० च्या वर लोक, पहिला झटका नुकताच आलेला, एमएसचं दुसरं कुठलंही औषध चालू नाही, त्यांना दर १५ दिवसांनी १ लाख युनिट. २ वर्षांत आजारानं पुन्हा डोकं वर काढलं असे डीवाले ६० टक्के आणि डमी औषधवाले ७४ टक्के. फायदा आहे, पण तो मुख्यतः एमआरआयमधल्या नव्या डागांत दिसला, प्रत्यक्ष झटक्यांत दोन्ही गटांत ठोस फरक नव्हता.

मी या ६० च्या आकड्याकडे खूप वेळ बघत बसले होते. ७४ चे ६० झाले हे चांगलंच, पण त्याचाच दुसरा अर्थ, फक्त डीवर ठेवलेल्या १०० पैकी ६० जणांचा आजार २ वर्षांत पुढे सरकला. एमएसची जी खरी औषधं आहेत, इंजेक्शनं, गोळ्या, रिटुक्सिमॅबसारखी सलाईनमधून देतात ती, त्यांच्या जागी डी बसत नाही. मिरजेला न्यूरोलॉजिस्टच्या बाहेर बसलेलो असताना एका मुलीची आई भेटली, इंजेक्शनं महाग पडतात आणि कुणीतरी सांगितलं डीनं बरं होतं म्हणून त्यांनी ८ महिने इंजेक्शनं बंद ठेवली होती. मुलगी व्हीलचेअरवर होती. पैशाची अडचण असेल तर ती डॉक्टरांना सरळ सांगा, स्वस्त पर्याय असतात, पण औषध परस्पर बंद करू नका, हात जोडून सांगते.

मग डी घ्यायचंच नाही का? घ्यायचं. कमी असेल तर भरून काढायचंच, हाडांसाठी तरी नक्कीच, कारण एमएसच्या माणसाचं चालणं कमी होतं, स्टेरॉईड होतात, तोल जाऊन पडण्याची भीती असते, अशात हाडं ठिसूळ असून चालणार नाही. साधारणपणे ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक अशी ८ आठवडे देतात, मग पुन्हा तपासून कमी डोस. घोटाळा होतो तो त्या "आठवड्याला एक" मध्येच. लोक रोज एक घेतात, चव गोड असते, दुधात घालून घेतात. जास्तीचं डी लघवीतून निघून जात नाही, ते चरबीत साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवतं. मग मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी, अंगात त्राण नाही, पुढे किडनीवर येतं. आणि यातले निम्मे त्रास एमएसचे पण असतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं आजार वाढला आणि ते अजून एक पुडी देतात. नेटवर रोज हजारो युनिट घ्यायला सांगणारे खूप आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४००० च्या वर जाऊ नये हे धरून चाला.

लॅबमधली म्हणून एक गोष्ट सांगते जी कुणी सांगत नाही. काही एमएस पेशंट बायोटिन नावाच्या व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेतात, केसांसाठी म्हणून पण पुष्कळ बायका घेतात. बायोटिन चालू असताना काही मशीनवर डीचा आकडा खोटा जास्त येतो. खरं १५ असेल आणि कागदावर ५० दिसेल. रक्त द्यायच्या आधी घेत असलेल्या सगळ्या गोळ्या सांगा, आम्ही विचारायला विसरलो तरी.

वहिनीचं डी आता ३८ आहे. महिन्याला एक पुडी, कॅलेंडरवर त्या तारखेला दादा लाल पेनानं गोल करून ठेवतो. तिची एमएसची इंजेक्शनं वेगळी चालू आहेत आणि दीड वर्षात नवीन डाग नाही.

तिची भीती आता लेकीची आहे, ती ७ वर्षांची. आईला एमएस असेल तर मुलांना होण्याची शक्यता पाश्चात्त्य देशांतल्या आकड्यांप्रमाणे शंभरात २ च्या आसपास, म्हणजे ९८ जणांना होत नाही. लहानपणी डी देऊन पुढचा एमएस टळतो असं सिद्ध करणारी ट्रायल झालेली नाही, ती करायची तर हजारो मुलांवर २०-२५ वर्षं नजर ठेवावी लागेल. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की तिचं डी तपासा, कमी असेल तर भरून काढा, बाहेर खेळू द्या, वजन आटोक्यात ठेवा. तिचं १४ आलं. आता रविवारी ११ वाजता ती गच्चीवर बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये दोरीउड्या मारते, आणि वहिनी जिन्याच्या सावलीत ओला टॉवेल मानेवर घेऊन बसते आणि उड्या मोजते. परवा ११२ झाल्या.